पोपटाच्या हाकेला धावणारे मामा

मामांच्या पगारपत्रकावर 'प्राणिरक्षक' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात गेली नऊ वर्षं ते प्राणिसंग्रहालयातल्या एका पांढऱ्या हरणीची बडदास्त ठेवतात. हरणी मूळची वाळवंटातली. तिच्या जातीची जगात मोजकीच उरली आहेत, आणि हे तिला कोणीतरी सांगितलं असावं अशी तिची चाल. शेजारच्या पिंजऱ्यात पोपट. तसले पोपट फाटकाबाहेरच्या तारांवर फुकट बघायला मिळतात. तरी गर्दी पोपटापुढेच, कारण तो बोलतो आणि हरणी पाठ करून उभी राहते. हरणी पाण्यावाचून दिवस काढते. पोपट वाटीभर पाणी घेतो आणि पाऊण वाटी सांडतो. "एक खानदानी, एक चावट," एवढीच तुलना मामांनी केली होती.

मग पोपट मामांची हाक शिकला. "ये गं माझे बाई, ये!" हुबेहूब, शेवटच्या खोकल्यासकट. हरणी लगबगीने यायची, तर समोर काहीच नाही. दिवसातून चाळीसदा अशी फजिती झाल्यावर तिने मामांच्या खऱ्या हाकेलाही येणं सोडलं.

त्यातच तिचा खूर पिकला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मामा, शुक्रवारपर्यंत तिला आतल्या खोलीत घ्या. नाहीतर बंदुकीने भूल द्यावी लागेल."

दोन वर्षांपूर्वी तिच्या नराला तशीच भूल दिली होती. खूर झकास साफ झाला. नर उठला नाही.

पोपट हलवायला संग्रहालयाचे साहेब तयार नव्हते. तिकिटं त्याच्यावर खपत होती.

घरी मामी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, तो खोटं बोलतो म्हणूनच ती येत नाही ना? मग त्याचं खरं करा. तो ओरडला की खोलीत गाजर ठेवा."

"म्हणजे मी पोपटाच्या हाकेला धावू?"

"धावा की. माझ्या हाकेला तर जागचे हलत नाही. निदान त्याच्या तरी."

सोमवारपासून मामा स्टूल टाकून बसले. पोपट ओरडला की हे गाजराच्या चकत्या घेऊन आतल्या खोलीकडे पळायचे.

"काय मामा, साहेब बदलले म्हणे?" बागेतला माळी विचारायचा.

"हो. हिरवे आहेत. रजा देत नाहीत."

बुधवारी हरणीने दारातून डोकावलं. गुरुवारी मान आत घालून चकती उचलली आणि मागे सरली.

शुक्रवारी डॉक्टरबाई आल्या. माळी आला, साहेबही आले. पोपट तेवढा मिरची खात बसला. पाच मिनिटं गेली, वीस गेली. साहेबांनी त्याला स्वतः दोनदा विनंती केली. त्याने दुसरी मिरची घेतली. शेवटी बाईंनी बंदुकीची पेटी उघडली.

मामा उठले. दाराची दोरी हाताला गुंडाळली.

"ये गं माझे बाई, ये."

आवाज चिरकला. पोपट याहून चांगली हाक मारायचा. हरणीचा एक कान वळला. मग ती निघाली, लंगडत, कोणाकडेही न बघता, दारातून थेट चकत्यांपर्यंत.

मामांनी दोरी सोडली. दार खाली आलं.

"आली," बस आल्यासारखं ते म्हणाले.

बाईंनी पेटी मिटली आणि औषधाची पिशवी घेऊन आत गेल्या. मामा भिंतीला टेकून खाली बसले. माळ्याने हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे. पायांनाही हाक मारतोय, येत नाहीयेत अजून."