स्टँडवर कोण आलं होतं?

अप्पांच्या टेबलावर कायम जोडकार्डांची चळत असे. एकाला एक जोडलेली दोन पोस्टकार्डं: एकावर प्रश्न लिहायचा, कोरं कार्ड उत्तरासाठी. अप्पांचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच होता. ‘आपल्या गावाहून साहेबांची बदली झाली, त्या दिवशी त्यांना सोडायला स्टँडवर कोण आलं होतं?’

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. लातुरात आमच्या कार्यालयाला अजून धड दारं नव्हती, आणि प्रत्येक खात्याला प्रमुख हवा होता. जुन्या जिल्ह्यांतून अर्ज येत. अप्पा आस्थापना शाखेचे अधीक्षक, मी त्यांच्या हाताखाली लिपिक. अप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात धुवट सदरा, आणि गोपनीय अहवालांवर काडीचा विश्वास नाही. म्हणायचे, “बाई, ह्यो अहवाल वरच्यानं लिवलेला असतो. खालच्याला कुणी इचारलंय का?” म्हणून ते जुन्या गावच्या शिपायाला, ग्रामसेवकाला कार्ड टाकत आणि आलेलं उत्तर फायलीला लावत. मला ते पोरकट वाटे. मी पुस्तकं वाचणारी. नियमात बसत नाही ते मला आवडत नसे.

त्या वर्षी पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला. विहिरी तळाला गेल्या, रेणापूरकडच्या गावांना टँकर सुरू झाले. पाणीपुरवठ्याच्या प्रमुखाची जागा रिकामी, आणि निवडीत शेवटी दोन नावं उरली. एक बिलोलीचे, रुबाबदार, एका वजनदार पुढाऱ्याच्या मर्जीतले. दुसरे मुरुडला काम केलेले, बोलताना अडखळणारे.

बिलोलीहून कार्ड आलं: ‘कोणी नाही. सामान मी चढवलं.’ मुरुडचं असं: ‘हापसा बसवला त्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या आल्या होत्या. गाडी सुटेपर्यंत साहेबांच्या पेटीवर हात ठेवून उभ्या होत्या.’

निवड समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी अप्पांना बोलावलं. फाइल घेऊन मीही मागे उभी होते. बिलोलीचं कार्ड काढून टाका, असं साहेबांनी आधी गोडीनं सांगितलं, मग पेन्शनची आठवण करून देत सांगितलं. पोस्टकार्ड हा काय सरकारी कागद आहे, असंही विचारलं.

“पान नंबर पडलाय, साहेब,” अप्पा म्हणाले. “आता त्यो कागद हाय. काढा म्हणून लिवून द्या, आत्ता काढतो.”

साहेबांनी लिहून दिलं नाही. कार्ड जागेवर राहिलं, समितीनं ते वाचलं, आणि मुरुडच्या माणसाची नेमणूक झाली. त्या उन्हाळ्यात ते अडखळत बोलणारे गृहस्थ टँकरच्या केबिनमध्ये बसून गावोगाव हिंडत. अप्पांची मात्र महिन्याभरात निलंग्याला बदली झाली. निवृत्तीला आठ महिने उरले होते. निरोपसमारंभ होणार नाही, असा तोंडी हुकूम निघाला. गाडी चारची, म्हणून साहेबांनी साडेतीनला आमची बैठक ठेवली.

मी त्या कार्यालयात तोवर कुणाला उलटून बोलले नव्हते. सकाळी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण: ‘अप्पांना स्टँडवर सोडणे.’ साहेबांनी तो परत सरकवला आणि खासगी काम लिहा म्हणाले.

“पान नंबर टाकलाय, साहेब,” मी म्हणाले.

त्यांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला आणि सही केली. दुपारपर्यंत सगळ्या शाखेचे अर्ज गेले. प्रत्येकाचं कारण माझ्यावरून उतरवलेलं, शब्द न् शब्द.

आम्हाला स्टँडवर बघून अप्पा चिडलेच. “समदे इथं, तर टँकरच्या पाळ्या कोण लिवतंय?” आम्ही कुणी हललो नाही. मुरुडचे साहेब टँकरवरून उतरून तसेच धुळीनं भरलेले आले होते. ते काहीतरी बोलायला गेले, अडखळले, आणि त्यांनी अप्पांची पेटी उचलून खांद्यावर घेतली. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला घेतला आणि गाडी हलेपर्यंत पुसत राहिले.

परवा अप्पा गेल्याचं कळलं. माती झाल्यावर कळलं, त्यामुळे या खेपेला मी पोचले नाही. त्यांचा प्रश्न त्यांच्याबाबतीत कुणी विचारला नव्हता. तरी उत्तर लिहून ठेवते आहे: आम्ही सगळे आलो होतो. हुकूम मोडून आलो होतो, आणि कारण खरं लिहून आलो होतो.