चोवीस चिंचोक्यांच्या बाई

गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेत, या गौरवग्रंथाच्या समितीच्या कार्याध्यक्षांनी श्रीमती वत्सला साळवे यांची गुणाकाराची वही छपाईतून वगळली. "पोरासोरांचं गणित ते! त्या पानांत पाहुण्यांचे फोटो बसतील," असे ते म्हणाले. म्हणून हा लेख त्या वहीविषयीही आहे.

साळवेबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची-माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, वीसपर्यंतचे पाढे इंग्रजीत घडाघडा म्हणणारी नवी शिक्षिका. चोवीसचे दोन अवयव विचारले, तेव्हा कन्नड तालुक्यातून आलेल्या एका मुलीने तीन आणि आठ लिहिले. गाइडमध्ये चार आणि सहा होते, म्हणून मी फुली मारली.

मधल्या सुट्टीत साळवेबाईंनी माझ्यासमोर चिंचोके ठेवले. "मॅडम, चोवीस आहेत. जरा मांडून बघता का?"

चार ओळी मांडल्या, जमल्या. तीन मांडल्या, त्याही जमल्या. माझे कान तापले. बाईंनी ही गोष्ट मुख्याध्यापकांनाही कधी सांगितली नाही. मुलीची माफी मी आपणहून मागितली.

पुढे रिकाम्या तासाला मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागले. पाचाचा वर्ग दहा सांगणाऱ्यावर त्या कधी ओरडल्या नाहीत. "पाच ओळी घाल, दर ओळीत पाच. चौकोन झाला? आता मोज." एकदा एक मुलगी तेवीस चिंचोक्यांशी झटून वैतागली.

"बाई, ह्ये लई आडमुठं हाय! कितीबी ओळी करा, शेवटची पुरी होतच नाय."

"मग एकाच ओळीत उभं कर त्याला. मूळ संख्या आहे ती. तुझ्या आज्यासारखी, कुणाचं ऐकत नाही."

वर्ग हसला, आणि मूळ संख्या सगळ्यांना कायमची कळली.

त्या वहीत एक ते शंभर, प्रत्येक संख्येची प्रत्येक मांडणी बाईंनी हाताने ठिपके काढून दाखवली आहे. पाढे घोकून घेणारे पुष्कळ भेटतात. गुणाकार डोळ्यांना दाखवणाऱ्या बाई आमच्या शाळेला लाभल्या, आणि मी त्यांची सहकारी होते, याचा मला अभिमान आहे. पाहुण्यांचे फोटो पाहून कोणते मूल पाचाचा वर्ग शिकणार आहे?

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, आणि वही छापलेली त्यांना पाहायला मिळो. यातले पहिले देवाच्या हाती आहे, दुसरे समितीच्या. वही छापणार की नाही, याचे लेखी उत्तर मला येत्या शनिवारी दुपारी चारच्या आत मिळावे. फोन करू नये.