कोठीचं झाकण आणि बिनपत्र्याची गाडी

समस्त वाचकांस, त्यातही विवाहित वाचकांस, जड अंतःकरणाने कळवण्यात येते की हिंगोली जिल्ह्यात लोहचुंबकाने मान टाकल्याची पहिली घटना कळमनुरीला, आमच्या अंगणात घडली. जिल्हा तेव्हा नवा होता आणि गाडी जुनी. शाळेत पोरांकडून चुंबकाचे गुणधर्म घोकून घेणारा मी, बुडाला चुंबक असलेली आणि तरीही टपावरून तिसऱ्यांदा घरंगळलेली रेडिओची अँटेना झेलून उभा होतो.

त्याचं असं होतं. मला हौशी रेडिओचा नाद. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, यंत्र घ्यायचं आणि आपल्यासारख्याच नादिष्टांशी हवेतून गप्पा मारायच्या, एवढाच तो प्रकार. गच्चीवरून नांदेडच्या एका मित्राशी माझं रोज बोलणं होई. पण गाडीतून बोलायची हौस राहिली होती. म्हणून एका डॉक्टरांची जुनी गाडी आणली, आणि आणल्यावर कळलं की तिची बॉडी फायबरची आहे. पत्रा औषधालाही नाही. चुंबक धरणार कशाला? शिवाय नुसतं धरून भागत नाही. असल्या अँटेनेला बुडाखाली धातूचा पसारा लागतो, नाहीतर तिचा आवाज वेशीबाहेर जात नाही. उपाय सरळ होता. टपाला भोक पाडायचं, आतून पत्रा बसवायचा आणि अँटेना कायमची आवळून टाकायची.

बायको भोकाच्या आड आली. डॉक्टरांची बोली होती की आठ दिवसांत गाडी पसंत पडली नाही तर परत घेईन, पण जशीच्या तशी. आणि बायकोचा त्या गाडीवर पहिल्या दिवसापासून संशय. दारावर टिचकी मारून ती म्हणाली की असा आवाज आपल्या न्हाणीतल्या बादलीचा येतो. तिने निकाल दिला: आधी भोक न पाडता गाडीतून नांदेडशी बोलून दाखवा. साफ बोलणं पाहिजे, मधे खरखर नको. जमलं तर भोक, नाहीतर रविवारी संध्याकाळी गाडी डॉक्टरांच्या दारात.

पुढे कित्येक वर्षं त्या टपावर अँटेना डौलात उभी होती, त्यामुळे निकाल लपवण्यात अर्थ नाही. पण तो कोणामुळे लागला, ते ऐकण्यासारखं आहे.

रविवारी सकाळी मी घरभर चुंबक घेऊन फिरलो. स्टीलच्या परातीने त्याला ओळख दिली नाही. पितळी घंगाळाने तर नाहीच. तवा धरत होता, पण तो पडला तळहाताएवढा. शेवटी मागच्या खोलीत ज्वारीची पत्र्याची कोठी दिसली. तिचं झाकण चांगलं ऐसपैस, गोल. चुंबक त्यावर असा खट्कन बसला की मला भरून आलं. झाकण टपावर पालथं घातलं, दोर दोन्ही खिडक्यांतून घेऊन आत गाठ मारली. मग लक्षात आलं की आता दारं उघडत नाहीत. आम्ही दोघं डिकीची फळी उघडून मागून, पोती चढवावीत तसे आत चढलो.

बायको सोबत निघाली ती हौसेने नव्हे. मी आणि नांदेडकराने आधीच संगनमत केलं असणार, अशी तिची खात्री होती. काय बोलायचं ते ती ऐनवेळी सांगणार होती, आणि तिकडून तेच परत आलं पाहिजे होतं.

वारंगा फाट्याच्या अलीकडे एक चढ आहे. तिथून नांदेडची बाजू मोकळी. रस्त्याला लागून एक ढाबा आणि ओळीने दहाबारा घरं. तिथे यंत्र सुरू केलं तर आत नुसत्या लाह्या फुटत होत्या. तडतड, तडतड. मित्राचा आवाज त्यात बुडालेला. मी गाडी चार हात पुढे घ्यायची, थांबायचं, खिडकीतून मान काढून वर बघायचं आणि माइकमध्ये म्हणायचं, "एक, दोन, तीन. येतंय का?" पुन्हा चार हात पुढे.

आता हेच बाहेरून बघा. कोणाची कोण गाडी. टपावर पत्र्याची थाळी, थाळीवर काठी. विजेच्या तारांखालून रांगत चाललेली. दर घरापाशी थांबते, आतला माणूस तारेकडे बघतो आणि मोजतो.

चहा न सांगता आला. ढाब्याचा मालक स्वतः घेऊन आला होता, मागोमाग भज्यांची ताटली. साहेब कोणत्या खात्याचे, असं त्याने फार मऊ आवाजात विचारलं. मी म्हणालो, कोणत्याच नाही, ही आपली हौस. तो असा हसला, जसं वेष पालटून आलेल्या अधिकाऱ्याकडे बघून हसावं. पैसे घेईना. बायको माझ्या कानाशी लागली.

"फुकट काहून देऊन राहिला हा? पिऊ नका."

मी प्यालो. पिता पिता आरशात पाहिलं तर मागच्या घराच्या आडून एक लांब बांबू वर आला, तारेपाशी चाचपडला आणि वाकवलेली सळई घेऊन खाली गेला. मग पलीकडच्या घरातून दुसरा. आणि प्रत्येक बांबूबरोबर माझ्या यंत्रातल्या मूठभर लाह्या कमी होत होत्या. तारेवर आकडा टाकून फुकट वीज ओढायची रीत काही मला नवी नव्हती. सैल आकडा ठिणग्या टाकतो आणि त्या ठिणग्या रेडिओत तडतडतात, हे तर मी फळ्यावर शिकवलेलं. हे लोक मला वीजचोरी पकडणारा समजून बसले होते. खरं सांगून टाकणं सज्जनपणाचं झालं असतं. मी भजं उचललं.

तडतड ओसरली आणि नांदेडकर बोलू लागला. बायकोने ताबडतोब परीक्षा घेतली.

"म्हणा, उंदरानं जवारी खाल्ली." झाकणाविना उघडी पडलेली कोठी तिच्या डोळ्यांपुढे असावी.

मी म्हणालो. डब्यातून ठणठणीत उत्तर आलं, "उंदरानं ज्वारी खाल्ली. बराबर? कोणता उंदीर?"

खिडकीशी किटली घेऊन उभ्या मालकाने ही खात्याची गुप्त भाषा समजून माझा कप पुन्हा काठोकाठ भरला. बायको मात्र डोकं कलतं करून ऐकत होती.

"शब्द कळला," ती म्हणाली. "पण मधी बारीक तडतडून राहिलं की. साफ म्हणले होते मी. न्हाईतर गाडी वापस."

ते खरं होतं. कुठेतरी एक आकडा अजून लटकत होता, आणि तेवढ्यावर माझी गाडी अडली होती. मी माइक तोंडाशी नेला आणि मालकाला नीट ऐकू जाईल अशा बेताने नांदेडला कळवलं की बाकी सगळं स्वच्छ झालंय, आता एकच जागा राहिली आहे, आणि ती सापडेपर्यंत मी इथून हलत नाही.

मालकाने किटली बॉनेटवर ठेवली, हात जोडले, एकदा मागे वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं:

"साहेब, आमी समद्यांनी आकडे काढले, राहिला तो सरपंचाच्या गिरणीचा हाय, पण माझं नाव सांगू नका!"