कान कापलेली उंदरी

आमचा धाकटा भाऊ भिमा सोलापुरात एका कॉलेजात उंदरं राखतो. हसू नका. सगळं आयुष्य सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागं गेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्याच्या पोरानं ही नोकरी लावून दिली. "मेंढरंच की आण्णा, जरा बारकी," म्हणतो आणि घरी आला की खाटेवर अंग टाकतो.

तिथं उंदरांच्या अंगात मुद्दाम कॅन्सरची गाठ वाढवतात आणि औषध देऊन बघतात. गाठ वाढली की आटली हे कळायला दर आठवड्याला सोनोग्राफी, बाळंतपणाआधी बायकांची करतात तशीच. उंदीर गुंगीत, गाठीवर चिकट जेल, पडद्यावर काळा डाग. डाग ठरलेल्या मापापुढं गेला की जिवाचे हाल नकोत म्हणून कायमचं झोपवतात.

घोटाळा झाला कानापायी. ओळख पटावी म्हणून तिथं उंदरांच्या कानाला खाच पाडतात. आमच्या धनगरांत कानाला खाच पाडलेलं जनावर बिरोबा देवाचं. त्याच्यावर पाणी शिंपडायचं, त्यानं अंग झाडलं तर देवानं सोडलं, मग कापायला मोकळं. नाहीतर हात लावायचा नाही. माझ्या लग्नात बोकड दिवसभर ढिम्म उभा राहिला आणि अख्खं वऱ्हाड आमटी-भाकरी खाऊन परत गेलं! असो.

एका उंदरीचा डाग मापापुढं गेला. औषधाची तपासणी करणाऱ्या पूनम मॅडम म्हणाल्या, "भिमामामा, द्या तिला इकडं."

भिमानं पिंजरा पोटाशी धरला. "न्हाय मॅडम. देवाची हाय ती."

"अहो, कान मीच कापलाय!"

"मग तुमीच सोडली की देवाला."

"मामा, तिला धड चालवत नाही. आणि वर कळलं तर तुमची नोकरी जाईल."

भिमानं उंदरीकडं बघितलं. गाठीच्या बाजूनं कललेली, डोळे मिटलेले. "पाणी घालू द्या एवढं," तो म्हणाला.

मॅडमही दिवसभराच्या दमलेल्या. स्टूल ओढून बसल्या. भिमानं बोटानं पाण्याचे थेंब सोडले. उंदरी हलेना. झाडायलाही अंगात बळ लागतं. दोघं तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिचा कापलेला कान हलला, मग पाठीवरून बारीक शहारा गेला.

"सोडलं," भिमा म्हणाला आणि त्यानं स्वतःच तिला मॅडमच्या हातात दिलं.

आता सोनोग्राफीच्या टेबलाशी पाण्याची वाटी असते. काल मी विचारलं, "एखादीनं न्हाईच झाडलं तर रं?"

"बसायचं," म्हणाला, आणि कुशीवर वळला.