चंद्राला गंज चढला

दमलो बाबा हा किस्सा सांगून सांगून! पण चहा पाजलात म्हणजे आता सुटका नाही. ऐका, माझी फजिती.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. नरडाण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. तीन वर्षं झाली, तरी तात्पुरताच! हेडमास्तर म्हणाले, "सोमवारी प्रदर्शनाला शिक्षण खात्याचे साहेब येताहेत. काहीतरी करून दाखवा, तुम्हाला कायम करा म्हणून शब्द टाकतो."

झालं! मी चंद्राची माती करायला घेतली. म्हणजे बघा, चंद्रावर हवा नाही. त्यामुळे सूर्याकडून येणारे कण आणि अवकाशातले बारीक खडे थेट मातीवर आदळतात. माती वितळते, तिची वाफ होते, आणि लोखंडाचे अगदी सूक्ष्म कण दाण्यांवर पुटासारखे बसतात. म्हणून नवी माती उजळ, जुनी काळपट. आणि हवा-पाणी नसल्यानं ते लोखंड कधी गंजत नाही! हे शेवटचं वाक्य मी आरशासमोर पाठ केलं होतं.

दीपनगरच्या वीजकेंद्रात माझे मेहुणे नोकरीला. त्यांच्याकडून राखेचं पोतं पॅसेंजरनं आणलं. डब्यातल्या लोकांनी काय काय ऐकवलं, विचारू नका. एका परातीत नुसती राख, दुसरीत राखेवर लोखंडाचा कीस. झाला चंद्र तयार!

पण ती राख! जरा वारा आला की उडायची. आमचे शिपाई नाना म्हणाले, "मास्तर, जरासं पानी मारा ना. बठ्ठी राख उडी ऱ्हायनी."

"नाना, चंद्रावर पाणी नसतं! खबरदार हात लावाल तर!" मी खेकसलो.

शनिवारी संध्याकाळी तीच राख हेडमास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. दिवसभर टेबलं पुसून माझा जीव मेटाकुटीला आला होता. इकडेतिकडे पाहिलं, आणि दिलं तांब्याभर पाणी शिंपडून!

सोमवारी साहेब आले. मी डोळे मिटून सुरू. "...आणि साहेब, हे लोखंड कधीही गंजत नाही!"

"मग हे लाल काय आहे?"

डोळे उघडून बघतो तर काय, अख्खा चंद्र गंजलेला! आता कुठली नोकरी? आणि तोंडातून निघून गेलं, "नानांनी पाणी मारलं वाटतं!"

अजून लाज वाटते हो. नाना दारातच उभे होते. जराही न चिडता म्हणाले, "साहेब, मास्तरच सांगतस, चंद्रवर पानी नही शे. मंग मी कोठून लयसू?"

सगळी शाळा हसत सुटली. साहेबांना तर ठसकाच लागला. मी तिथंच कान धरले, "मीच मारलं पाणी. नाना, चुकलो."

कायम? कसलं काय! आणखी एक वर्ष तात्पुरता. बक्षीस मात्र मिळालं बरं का. प्रमाणपत्रावर साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'लोखंड गंजण्याचे उत्कृष्ट प्रात्यक्षिक.'