मेसेज मीच पाठवला आणि मीच घाबरले

मंडळी, ताजं आहे तोवर लिहिते.

आमची नोएडातली कंपनी एका शाळेच्या बसची वेबसाइट चालवते. मूल बसमध्ये चढलं नाही की आईबापांना मेसेज जातो. आज सकाळी मी तोच मेसेज तपासत होते. टेस्टची साइट आणि खरी साइट शेजारशेजारच्या टॅबमध्ये उघडी होती. बटण दाबलं.

लगेच माझाच फोन वाजला. "आपका बच्चा आज बस में नहीं चढ़ा."

माझी ईरा त्याच शाळेत दुसरीत आहे. मयूर विहारला सोसायटीच्या गेटवर मीच तिला बसमध्ये चढवलं होतं. तरी काळजात धस्स झालं. शाळेत फोन लावला, सतत एंगेज! लागणार कसा? सगळेच आईबाप फोन करत होते.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बटण मी खऱ्या साइटवर दाबलं होतं, आणि मेसेज सगळ्याच आईबापांना गेला होता.

टीम लीड ओरडला, "किसने भेजा यार?" मी हात वर केला. माफीचा मेसेज जायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत किती घरं हादरली असतील!

मेसेज मीच लिहिलेला. मुलीला बसमध्ये मीच चढवलेलं. तरी खरं वाटलं ते स्क्रीनवरचं. तुम्हाला काय खरं वाटलं असतं?