सलग नोंद

ताईंचा राग नाकावर असतो, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या सोमवारी, चार आठवड्यांच्या रजेनंतर, त्यांनी नोंदवही उघडली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या माघारी गच्चीवरच्या यंत्राचं कॅलिब्रेशन उरकलं होतं. शेरा होता, ‘आकाश स्वच्छ, हवा कोरडी’. करणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं ताईंचं.

यंत्र म्हणजे लहान फ्रिजएवढी पेटी. ती काही सोडत नाही, नुसती ऐकते. हवेतली वाफ आणि प्राणवायू सूक्ष्मलहरींच्या रूपात जी क्षीण उष्णता सतत बाहेर टाकतात, ती पकडून किती उंचीवर किती ओल, किती तापमान, हे दर दोन मिनिटांनी सांगते. ताईंनी तिला डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. पक्ष्यांची घाण पुसली, खिडकीवरचं पातळ आवरण वेळच्या वेळी बदललं. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, “कपडे बाहेर टाकू का गं?” आणि ताई फणकारायच्या, “मी हवा मोजते, तुमचे कपडे नाही वाळवत!” अकरा वर्षांत एक दिवस रिकामा नव्हता. हवामान खरंच बदलतंय का, हे सांगायला अशी सलग नोंद लागते. ताईंची आयुष्यभराची कमाई म्हणाल तर तीच.

कॅलिब्रेशन म्हणजे वर्षातून दोनदा यंत्राच्या खिडकीवर थर्मोकोलचा डबा ठेवायचा, त्यात द्रवरूप नायट्रोजन ओतायचा आणि यंत्राला सांगायचं, की बाबा, हे उणे एकशे शहाण्णव अंश, हे लक्षात ठेव. मेख एकच. हवा दमट असली तर गार डब्याच्या बुडाला दव धरतं. यंत्र त्या पाण्याची ऊब वाचतं, तीच नायट्रोजनचा गारठा समजतं, आणि मग वाफेची ऊब कमी मोजत पुढे महिनोन्‌महिने आकाश आहे त्याहून कोरडं दाखवत बसतं. म्हणून ताई कोरड्या दिवसाची वाट पाहत, मग कोणी कितीही बोंबलो.

आणि वहीतला तो दिवस कोरडा नव्हता! सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. दवाखान्याच्या काचांवरून पाणी ओघळताना ताईंनी स्वतः पाहिलं होतं.

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

“माझं नाव कोणी लिहिलं?”

“अहो ताई, नायट्रोजनचा ड्रम आला होता. ठेवला असता तर नायट्रोजन उडून गेला असता. मीच केलं, पण नाव नेहमी तुमचंच असतं ना? म्हटलं, तेच असू दे.”

“हवा दमट होती, साहेब. तेव्हापासूनचे तेवीस दिवस बाद करावे लागतील.”

साहेबांचा चेहरा उतरला. “पुढच्या आठवड्यात समिती येतेय. आपल्याकडे दाखवायला ती सलग नोंदच तर आहे! आणि इथली हवा कोरडी होत चाललीय, असं मी अहवालात लिहूनही टाकलंय.”

“हवा नाही कोरडी झाली. तुमचा डबा ओला होता!”

“सिद्ध करा,” साहेब म्हणाले आणि फाइल ओढून घेतली.

ताई पेटल्या. दोन दिवस त्यांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. हवेतली ओल मोजायला विमानतळावरून रोज सोडतात त्या फुग्यांचे आकडे मागवले आणि अकरा वर्षांतली बावीसच्या बावीस कॅलिब्रेशनं त्यांच्याशेजारी मांडली. साहेबांचे तेवीस दिवस धडधडीत खाली घसरलेले दिसत होते. ताईंना भारी समाधान वाटलं. मग नजर मागच्या वर्षांवर गेली. सहा वर्षांपूर्वी तशीच घसरण होती. पाच महिने. तिथं नाव ताईंचं होतं आणि कामही ताईंचंच होतं. मुलीला परीक्षेला सोडायची घाई होती त्या दिवशी. डब्याखाली हात फिरवून बघायचा राहिला होता.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो संतापच, आणि आता तो वळवायला दुसरं माणूस नव्हतं. सहा वर्षं लोकांनी हे आकडे वापरले होते. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. दाखवलं तर साहेबांच्या हातात आयतं कोलीत.

त्यांनी पाच महिन्यांवर ‘बाद’ असं लिहिलं, शेजारी कारण, खाली सही. मग तेवीस दिवसांवर तेच लिहिलं, आपलं नाव खोडलं आणि तिथं साहेबांचा हुद्दा घातला. वही नेऊन टेबलावर आपटली.

साहेबांनी वाचलं आणि खुशीत मान डोलावली. “म्हणजे तुमचंही चुकलंच होतं की, ताई! मग कशाला एवढा तमाशा? दोन्ही शेरे खोडा, मिटवून टाकू.”

“माझे पाच महिने मी माझ्या हाताने फेकून दिले,” ताई म्हणाल्या. “तुम्हाला तेवीस दिवस जड झाले?”

ताईंनी खिशातलं पेन काढून वहीवर ठेवलं, आणि साहेबांची सही होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.